डिंकावर एन्झाइम बांधताना : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या निकालाच्या तक्त्यात, डिंकाच्या मण्यांत बांधलेल्या इन्व्हर्टेजची क्रियाशीलता ११८ टक्के निघाली होती. म्हणजे जेवढे एन्झाइम मी घातले होते, त्याहून जास्त एन्झाइम मण्यांतून काम करीत होते. दोन दिवस तो आकडा मी प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवीत फिरलो. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एवढेच विचारले, ‘एन्झाइम न घातलेल्या मण्यांचा आकडा किती आला?’ तो मी काढलाच नव्हता. काढल्यावर कळले की रंगाचा मोठा भाग डिंकाचाच होता. ऑक्सिडीकरण केलेल्या डिंकावरचे अल्डिहाइड गट डीएनएस द्रावणाला, म्हणजे साखर मोजण्याच्या रंगद्रावणाला, साखरेसारखाच रंग आणत होते.

वनस्पतिज डिंक स्वस्त असतो, विषारी नसतो आणि मातीत कुजून जातो, हे प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात वाचायला मिळते. तो मुका मात्र नसतो, हे कमी ठिकाणी लिहिलेले असते. त्याच्यात स्वतःची प्रथिने, क्षार, आम्ले, टॅनिन आणि काही वेळा स्वतःची एन्झाइमेही असतात. एम. एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच. डी.चे पहिले वर्ष या विषयावर घालवणाऱ्यांनी काय करावे आणि कुठे सावध राहावे, ते पुढे क्रमाने लिहिले आहे. उदाहरण म्हणून सगळीकडे यीस्टचे इन्व्हर्टेज घेतले आहे. हे एन्झाइम उसाच्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करते. या विद्येची, म्हणजे एन्झाइम आधारावर पक्के बसवून पुन्हा पुन्हा वापरण्याच्या अचलीकरणाची, सुरुवातही त्याच्याचपासून झाली : १९१६ मध्ये नेल्सन आणि ग्रिफिन यांनी कोळशावर चिकटलेले इन्व्हर्टेज आपली क्रिया टिकवून ठेवते, हे दाखवले. कारखान्याच्या पातळीवरचा पहिला मोठा उपयोग मात्र १९६९ मध्ये जपानमध्ये झाला. तानाबे सेइयाकू या कंपनीत इचिरो चिबाता आणि सहकाऱ्यांनी बांधलेल्या अमिनोअसायलेजने अमिनो आम्ले तयार करायला सुरुवात केली.

१. आधी डिंक ठरवा, मग एन्झाइम

बहुतेक विद्यार्थी उलटे करतात. हाताशी असलेले एन्झाइम घेतात आणि ‘कुठलातरी डिंक’ शोधतात. डिंकांचे स्वभाव एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की ही निवडच पुढची पद्धत ठरवते.

बाभळीचा डिंक पाण्यात सहज विरघळतो आणि बऱ्याच दाट प्रमाणातही प्रवाही राहतो. इथे नावांचा घोळ लक्षात घ्या. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार गम अरेबिक म्हणजे अकेशिया सेनेगल किंवा अकेशिया सेयाल या आफ्रिकी झाडांचा डिंक. आपल्याकडची बाभूळ म्हणजे अकेशिया निलोटिका त्यात बसत नाही. आपल्या बाजारात दोन्हींना सर्रास एकच नाव दिले जाते. त्यात वनस्पतिशास्त्रज्ञांनी नावे बदलली असल्यामुळे संदर्भ शोधताना सेनेगॅलिया आणि व्हॅशेलिया ही नवी नावेही टाकावी लागतात, नाहीतर निम्मे साहित्य हाती लागत नाही.

धावड्याचा डिंक, म्हणजे घाटी गम, पूर्ण विरघळत नाही. एक भाग द्रावणात जातो आणि एक भाग फुगून जेलसारखा राहतो. यातला कोणता भाग तुम्ही वापरला ते लिहिले नाही, तर प्रयोग पुन्हा कोणालाही करता येणार नाही. कांडोळ, ज्याला काही भागांत भुत्या किंवा कढई म्हणतात, त्याच्या डिंकाला व्यापारात कराया म्हणतात. त्याच्या रेणूवर असिटिल गट असतात, म्हणून जुन्या पुडीला व्हिनेगरचा वास येतो. तो विरघळण्याऐवजी प्रचंड फुगतो, आणि सौम्य अल्कलीने असिटिल गट काढले की विरघळू लागतो. तो आम्लधर्मी असल्यामुळे बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावणात, मिसळल्यावर पीएच पुन्हा मोजावा लागतो. मी तो मोजत नव्हतो, आणि माझा ५ चा बफर प्रत्यक्षात त्याहून बराच आम्लधर्मी झालेला असे.

काजूचा डिंक कोकणात आणि गोव्यात बागेतच मिळतो, पण प्रयोगशाळांत त्याच्यावर अधिक काम झाले ते काजूच्या मूळ देशात, ब्राझीलमध्ये. स्वभावाने तो बाभळीच्या डिंकाजवळचा आहे. सालीतले फेनॉलवर्गीय पदार्थ त्याच्याबरोबर येतात, म्हणून तो अल्कोहोलने नीट धुवावा लागतो.

गवार आणि चिंचोका यांचे डिंक झाडाच्या जखमेतून पाझरत नाहीत. ते बियांतले साठ्याचे पदार्थ आहेत. गवारगम म्हणजे मॅनोजची लांब साखळी आणि साधारण दर दोन मॅनोजमागे एक गॅलॅक्टोज. एक टक्का द्रावणही इतके घट्ट होते की सुईतून थेंब पाडणे अवघड जाते. चिंचोक्याच्या पिठातला मुख्य पदार्थ झायलोग्लुकन. घोंगडीला चिंचोक्याची खळ देणाऱ्यांना त्याचा चिकटपणा आपल्या पुस्तकांच्या आधीपासून माहीत आहे. मात्र तपकिरी टरफल पूर्ण काढले नाही, तर त्यातले टॅनिन एन्झाइमला निकामी करते.

पहिल्याच प्रयत्नाला माझी शिफारस बाभळीच्या किंवा काजूच्या डिंकाची आहे. गवारीचा डिंक मोहात पाडतो, पण एन्झाइम अशुद्ध असेल तर त्यातले मॅननेज, म्हणजे मॅनोजची साखळी तोडणारे एन्झाइम, तुमचा आधारच खाऊन टाकते. बुरशीपासून काढलेल्या सेल्युलेज आणि पेक्टिनेजच्या बाजारी मिश्रणांत ही शक्यता नेहमी धरून चालावी.

२. डिंक आणणे, ओळख पटवणे, नोंद ठेवणे

किराणा दुकानातल्या लाडवाच्या डिंकावर शोधकार्य करू नका. त्यात दोन-तीन झाडांचा माल मिसळलेला असू शकतो. ‘कतीरा’ या नावाखाली तर वेगवेगळ्या वनस्पतींचे डिंक विकले जातात. राळ, गुग्गुळ, लोबान हे पदार्थ बोलण्यात डिंकाच्या रांगेत बसत असले तरी त्यांच्यात रेझिनचा वाटा मोठा असतो. पाण्यात न विरघळणारा भाग अल्कोहोलमध्ये विरघळू लागला, की आपण चुकीची पुडी आणली आहे हे समजावे.

एक गोष्ट नवख्यांना उशिरा कळते. डिंकाच्या खड्यावरून कोणतीही संस्था झाडाची जात प्रमाणित करून देत नाही. त्यासाठी त्याच झाडाची पाने, फुले किंवा फळे असलेली फांदी वाळवून, दाबून न्यावी लागते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था येथे वनस्पतींचे नमुने ओळखून मिळतात. झाडाला फुले कधी येतात ते पाहून ही फेरी आधीच ठरवावी. प्रबंध लिहिण्याच्या महिन्यात ती आठवली, तर पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागते.

जंगलातला डिंक गोळा करताना परवानगीचा प्रश्न येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गौण वनोपजावर तिथल्या वनवासी समाजाचा मालकी हक्क आहे. त्यामुळे ग्रामसभा आणि वनविभाग यांना विचारल्याशिवाय झाडाला खाच पाडू नये. परदेशी संस्थेबरोबर काम असेल किंवा नमुना बाहेर पाठवायचा असेल, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली कोणती परवानगी लागते, ते मार्गदर्शकांशी बोलून आधीच तपासावे.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी : झाडाच्या ओळखीचे प्रमाणपत्र, खरेदीची पावती किंवा संकलनाची परवानगी, आणि प्रत्येक खेपेची नोंदवही. वहीत गाव, तारीख, खड्यांचा रंग, ओलावा आणि राखेचे प्रमाण लिहावे. एकाच झाडाचा उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यानंतरचा डिंक सारखा वागेल असे गृहीत धरू नये.

३. लागणारे साहित्य

रसायनांत सोडिअम अल्जिनेट, कॅल्शिअम क्लोराइड डायहायड्रेट, सोडिअम असिटेट आणि असेटिक आम्ल, इथेनॉल किंवा आयसोप्रोपॅनॉल, डीएनएस द्रावणाचे घटक, शुद्ध सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, ग्वायाकॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फेरिक क्लोराइड लागते. सहसंयुज बंधाची, म्हणजे एन्झाइम रासायनिक बंधाने जोडण्याची, पद्धत करायची असेल, तर सोडिअम मेटापिरायोडेट, कायटोसन (अमाइन गट असलेली बहुशर्करा) आणि १२ ते १४ किलोडाल्टन मर्यादेची डायलिसिसची नळी हवी. उपकरणांत चुंबकीय ढवळणी, सेंट्रिफ्यूज, ५४० नॅनोमीटरवर मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर, पीएच मीटर आणि तापमान राखणारा शेकर पुरतो. थेंबांसाठी साधी सिरिंज चालते. पेरिस्टाल्टिक पंप मिळाला तर मणी एकसारखे होतात आणि बोटेही दुखत नाहीत.

४. डिंकाचे शुद्धीकरण

खडे हाताने निवडून साल, माती आणि काळे तुकडे बाजूला काढा. राहिलेला माल कुटून चाळून घ्या. बाभूळ किंवा काजूच्या डिंकाची ५ ते १० टक्के भुकटी पाण्यात रात्रभर ढवळत ठेवा. गवारीसाठी मात्र एक टक्क्याच्या वर जाऊ नका. गवारीची भुकटी पाण्यात एकदम टाकली, तर बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या तासन्‌तास फुटत नाहीत. थोड्या अल्कोहोलमध्ये भुकटी आधी भिजवून घ्यावी आणि मग ढवळत्या पाण्याच्या भोवऱ्यात हळूहळू सोडावी.

द्रावण मलमलीतून गाळून सेंट्रिफ्यूज करा. स्वच्छ द्रावण उकळत्या पाण्याच्या पात्रात दहा-पंधरा मिनिटे ठेवा. याचे कारण पुढच्या पायरीत आहे. गार झाल्यावर तिप्पट आकारमानाच्या इथेनॉलमध्ये ते धारेने ओता, म्हणजे डिंक पांढऱ्या लगद्यासारखा खाली बसतो. तो ताज्या अल्कोहोलने दोन वेळा धुऊन ४० ते ५० अंश सेल्सिअसला वाळवा, दळा आणि हवाबंद ठेवा. वाळलेला दिसणारा डिंकही दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत ओलावा धरून असतो. म्हणून वजन घेताना ओलाव्याची वजावट करावी.

डिंकाचे द्रावण करून आठवडाभर ठेवण्याची सवय मोडा. दोन-तीन दिवसांत त्यात जिवाणू वाढतात आणि त्यांची एन्झाइमे तुमच्या निकालात येऊन बसतात.

५. डिंकाची एकट्याची तपासणी

ही पायरी मार्गदर्शिकांत एका ओळीत असते. मी तिला पूर्ण आठवडा देतो. एन्झाइमची बाटली उघडण्याआधी पुढच्या पाच चाचण्या केवळ डिंकावर करा.

पहिली, पेरॉक्सिडेज आणि ऑक्सिडेजची. बाभूळवर्गीय डिंकांत ऑक्सिडीकरण करणारी एन्झाइमे मुळातच असतात. औषधनिर्मितीत ही गोष्ट जुनी आहे. म्हणूनच फेनॉलवर्गीय औषधांबरोबर कच्चा डिंक वापरताना काळजी घेतात. डिंकाच्या द्रावणात ग्वायाकॉल आणि सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. तपकिरी रंग आला तर एन्झाइम जिवंत आहे, आणि तापवण्याची पायरी कमी पडली आहे. जुन्या पुस्तकांत याच चाचणीला बेंझिडीन सांगितलेले असते. ते कर्करोगकारक आहे, वापरू नका. ग्लुकोज मोजायला तुम्ही ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेजचे तयार किट वापरणार असाल, तर ही चाचणी टाळूच नका. डिंकातले पेरॉक्सिडेज त्या किटच्या रंगात थेट ढवळाढवळ करते.

दुसरी, टॅनिनची. फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकल्यावर निळसर काळा किंवा हिरवट रंग आला, तर अल्कोहोलने आणखी धुवावे. टॅनिन एन्झाइमच्या प्रथिनाला चिकटते. मग ‘डिंकावर एन्झाइम उत्तम बांधले गेले’ असे तुम्ही लिहिता, आणि प्रत्यक्षात ते टॅनिनने साकळलेले असते.

तिसरी, पिष्टाची. आयोडीनने निळा रंग आला तर मालात भेसळ आहे.

चौथी, प्रथिनाची. बाभूळवर्गीय डिंकात सुमारे दोन टक्के प्रथिन असते, आणि ते साखळीला रासायनिकरीत्या जोडलेले असल्यामुळे धुऊन जात नाही. ब्रॅडफर्ड किंवा लोरी या प्रथिन मोजण्याच्या पद्धतींनी ‘बांधलेले प्रथिन’ काढताना हा आकडा वजा केला नाही, तर पुढचा सगळा हिशेब वाकडा होतो.

पाचवी, डीएनएसची. तुम्ही प्रयोगात जेवढा डिंक, ज्या रूपात आणि जेवढा वेळ वापरणार आहात, तेवढाच एन्झाइमविना ठेवून त्याचा रंग मोजा. माझ्या ११८ टक्क्यांचे उत्तर या एका परीक्षानळीत होते.

६. एन्झाइमची निवड

सुरुवातीला असे एन्झाइम घ्यावे की ज्याचा सब्स्ट्रेट, म्हणजे ज्यावर ते काम करते तो पदार्थ, लहान रेणू आहे. अमायलेज लोकप्रिय आहे, पण स्टार्चचा अजस्र रेणू मण्याच्या जाळीतून आत शिरत नाही. त्यामुळे फक्त पृष्ठभागावरचे एन्झाइम काम करते आणि विद्यार्थी समजतो की आतले मेले. सुक्रोज सहज आत-बाहेर करतो. शिवाय तो स्वतः क्षपण करणारी, म्हणजे डीएनएसला रंग आणणारी, साखर नाही, म्हणून डीएनएसला पार्श्वभूमी कमी मिळते.

इन्व्हर्टेजचे आणखी एक सोयीचे अंग असे की ते पीएच ४.५ ते ५ च्या आसपास उत्तम चालते. म्हणजे असिटेट बफर वापरता येतो. हे का महत्त्वाचे, ते लगेच पुढे येते.

एककाच्या व्याख्येत गफलत करू नका. एका सुक्रोजपासून क्षपण करणाऱ्या दोन साखरा तयार होतात. एक एकक म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल सुक्रोजचे विघटन, की एक मायक्रोमोल क्षपणकारी साखर? दोन्हींत दुपटीचा फरक पडतो. प्रमाण-आलेख ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या सममोल मिश्रणाने काढावा.

७. बांधण्याच्या पद्धती

(अ) अल्जिनेट-डिंकाचे मणी

बाभळीचा किंवा काजूचा डिंक एकटा कॅल्शिअमने घट्ट होत नाही, म्हणून त्याला अल्जिनेटची सोबत लागते. ४५ मिली पाण्यात १ ग्रॅम सोडिअम अल्जिनेट आणि ०.५ ग्रॅम शुद्ध डिंक पूर्ण विरघळवा. बुडबुडे निघून जाईपर्यंत तासभर स्थिर ठेवा. द्रावण खोलीच्या तापमानाला आल्याची खात्री करूनच त्यात ५ मिली एन्झाइम हलक्या हाताने मिसळा. समजा त्याची ताकद मिलीला १० एकक आहे, तर एकूण ५० एकक झाले. हे मिश्रण सिरिंजमधून, सुमारे १० सेंटिमीटर उंचीवरून, हळू ढवळत असलेल्या ०.२ मोलर कॅल्शिअम क्लोराइडमध्ये थेंबाथेंबाने सोडा. त्यासाठी लिटरला २९.४ ग्रॅम डायहायड्रेट लागते. मणी ४ अंशांवर एक-दोन तास पक्के होऊ द्या आणि मग बफरने तीन वेळा धुवा. मण्याला शेपटी येत असेल तर मिश्रण फार घट्ट आहे किंवा उंची कमी आहे. मणी चपटे होत असतील तर उंची जास्त आहे.

कॅल्शिअम क्लोराइडचे उरलेले द्रावण आणि तिन्ही धुण्याची पाणी फेकू नका. पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर उभा आहे.

सगळ्यात जास्त मणी फॉस्फेट बफरमुळे विरघळतात. फॉस्फेट आणि सायट्रेट कॅल्शिअमला ओढून घेतात, आणि तासाभरात बीकरमध्ये गढूळ पाणी उरते. अनेक प्रयोगशाळांत ‘बफर’ म्हटले की फॉस्फेटचीच बाटली पुढे येते. असिटेटने हा प्रश्न टळतो, तरी त्यातला सोडिअमही कॅल्शिअमची जागा हळूहळू घेतो. म्हणून सगळ्या बफरांत १० मिलिमोलर कॅल्शिअम क्लोराइड ठेवावे.

(आ) पिरायोडेटने अल्डिहाइड तयार करून

केवळ अडकवलेले एन्झाइम गळते, म्हणून लोक सहसंयुज बंधाकडे वळतात आणि थेट ग्लुटराल्डिहाइडची बाटली काढतात. इथे थांबा. ग्लुटराल्डिहाइड अमाइन गटांशी जोडले जाते, आणि डिंकाच्या साखळीवर अमाइन गट जवळजवळ नसतातच. अशा वेळी ते एन्झाइमलाच एन्झाइमशी जोडते आणि डिंक कोरडा राहतो. कायटोसन किंवा जिलेटीन मिसळले असेल तरच त्याला अर्थ आहे.

डिंकाचा रासायनिक उपयोग करायचा तर त्याच्या शेजारशेजारच्या हायड्रॉक्सिल गटांचा करावा. सोडिअम मेटापिरायोडेट त्यांच्यामधला बंध तोडून दोन अल्डिहाइड तयार करते. डिंकाचे द्रावण अंधारात, ॲल्युमिनिअमच्या कागदाने झाकून, थंड ठिकाणी ढवळत ठेवावे. पिरायोडेटची मात्रा आधी कमी ठेवावी, कारण साखळीही तुटते. गवारीचे दाट द्रावण डोळ्यांदेखत पातळ होते.

अभिक्रिया थांबवायला इथिलीन ग्लायकॉल घालतात. पण ग्लायकॉलचे ऑक्सिडीकरण होऊन फॉर्माल्डिहाइड तयार होते, आणि ते तुमच्या एन्झाइमच्या अमाइन गटांवर आधी जाऊन बसते. शिल्लक पिरायोडेट तर आणखी वाईट, कारण यीस्टचे इन्व्हर्टेज स्वतः मॅनोजच्या साखळ्यांनी लगडलेले असते आणि त्या साखळ्यांचेही ऑक्सिडीकरण होते. म्हणून डायलिसिस घाईत उरकू नये. पाणी अनेकदा बदलत दोन दिवस करावे, आणि आतल्या द्रावणाचा थेंब पोटॅशिअम आयोडाइड व स्टार्चच्या मिश्रणात टाकून निळा रंग येत नाही याची खात्री करावी.

हा अल्डिहाइड-डिंक पाण्यात विरघळणारा असतो. त्याला कायटोसनच्या मण्यांवर चढवून, नीट धुऊन, मग एन्झाइम जोडावे. या टप्प्यात ट्रिस बफर किंवा ग्लायसीन वापरू नका. त्यांचे अमाइन गट अल्डिहाइड अडवून टाकतात आणि एन्झाइमला जागाच उरत नाही. नंतर, उरलेले अल्डिहाइड बंद करण्यासाठी मात्र ग्लायसीनच वापरतात. अल्डिहाइड आणि अमाइन यांच्यात तयार झालेला बंध, म्हणजे शिफ बंध, आम्लात उलटू शकतो. तो पक्का करायला सोडिअम बोरोहायड्राइडची अगदी थोडी मात्रा थंडीत देतात, पण ते प्रथिनातले डायसल्फाइड बंधही तोडू शकते. मी हे दोन्ही प्रकारे करून पाहिले, आणि पहिल्या प्रयत्नाला ते न घालता गळती मोजणेच बरे, असे माझे मत झाले आहे.

(इ) गवार आणि बोरॅक्स

अल्कधर्मी द्रावणात बोरॅक्सचे बोरेट गवारीच्या साखळ्यांना क्षणात जोडून जेल बनवते. दिसायला हा प्रयोग इतका सुंदर आहे की प्रत्येकाला करावासा वाटतो. इन्व्हर्टेजसाठी मात्र करू नका. पीएच ४.५ वर ही जोडणी सुटते. वर इन्व्हर्टेजचे उत्पादन असलेले फ्रुक्टोज स्वतः बोरेटला घट्ट धरते आणि उरलेली जेलही सैल करते. ज्या एन्झाइमला अल्कधर्मी परिसर चालतो आणि ज्याच्या अभिक्रियेत साखर नाही, त्याच्यासाठी ही पद्धत राखून ठेवा.

८. मोजमाप आणि हिशेब

एक ग्रॅम ओले मणी सुक्रोजच्या द्रावणात हलवत ठेवा. दर तीन मिनिटांनी थोडा द्रव काढून तो डीएनएसमध्ये घाला. मणी कधीही डीएनएसच्या नळीत जाऊ देऊ नका. ते द्रावण तीव्र अल्कधर्मी असते आणि उकळावे लागते. त्यात मणी फुटतात आणि डिंक स्वतः रंग देतो. वेळेचा आलेख सरळ रेषेत आहे तेवढाच भाग हिशेबात घ्या.

आता वरच्या ५० एककांचा हिशेब पाहू. कॅल्शिअम क्लोराइडच्या द्रावणात आणि धुण्याच्या पाण्यात मिळून ८ एकक सापडले. म्हणजे ४२ एकक आत राहिले. अचलीकरणाचे प्रमाण ८४ टक्के. सगळ्या मण्यांनी मिळून दाखवलेली क्रिया २१ एकक आहे. म्हणजे आत राहिलेल्यांपैकी निम्मेच काम करताना दिसतात, ५० टक्के. मूळ ५० च्या तुलनेत हे ४२ टक्के. हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. काही निबंधांत त्यांतला सर्वात देखणा आकडा ‘कार्यक्षमता’ या एकाच शब्दाखाली छापलेला असतो. तुलना करण्यापूर्वी भाजक कोणता होता ते शोधा.

हरवलेली २१ एकके कुठे गेली? तेवढेच मणी सायट्रेटमध्ये विरघळवून द्रावणाची क्रिया मोजा. ती ३८-४० एककांपर्यंत चढली तर एन्झाइम जिवंत आहे. सुक्रोज पुरेशा वेगाने आत पोहोचत नाही एवढेच. मग बारीक सुई घेऊन मणी लहान करा. क्रिया २१ वरच राहिली, तर बांधतानाच एन्झाइम बिघडले आहे, आणि मण्याचा आकार बदलून काही साधणार नाही. या चाचणीने माझे तीन महिने वाचले असते.

बाभळीचा डिंक मण्यांतून हळूहळू बाहेर झिरपतो, हेही विसरू नका. म्हणून धुण्याच्या पाण्यातले एन्झाइम केवळ प्रथिनावरून मोजू नये, क्रियेवरून मोजावे. आणि एन्झाइमविना केलेल्या मण्यांचे धुणे प्रत्येक वेळी सोबत तपासावे.

९. गळती, पुनर्वापर आणि साठवण

मणी सुक्रोजमध्ये असताना मधेच सगळे उचलून घ्या आणि उरलेल्या द्रवात साखर वाढत राहते का ते पाहा. वाढत असेल तर काम बाहेर पडलेले एन्झाइम करीत आहे. पुनर्वापराची दहा आवर्तने दाखवण्याची प्रथा आहे, पण प्रत्येक आवर्तनानंतर मणी मोजून, वजन करून घ्यावेत. क्रिया कमी होण्याचे कारण कित्येकदा एन्झाइमचा मृत्यू नसते. फुटलेले आणि गाळताना निसटलेले मणी असतात.

साठवण ४ अंशांवर, कॅल्शिअम असलेल्या बफरमध्ये करावी. बुरशी टाळायला ०.०२ टक्के सोडिअम ॲझाइड घालतात. इन्व्हर्टेजला ते चालते, पण आपला असिटेट बफर आम्लधर्मी असल्यामुळे त्यात ते घालू नये. पेरॉक्सिडेज, कॅटॅलेज किंवा लॅकेज बांधले असेल तर ॲझाइड त्या एन्झाइमलाच बंद पाडते. ते अतिशय विषारी आहे. आम्लाशी संपर्क आला तर विषारी वायू सुटतो, आणि धातूच्या नळांत साचल्यास स्फोटक क्षार तयार होतात. म्हणून बेसिनमध्ये ओतू नये; घातक कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत जमा करावे.

तीन वाचनांची सरासरी घेताना ती तीन वाचने एकाच खेपेच्या डिंकाची असतील, तर तुम्ही फक्त स्वतःचा हात किती स्थिर आहे ते मोजले. तीन वेगवेगळ्या खेपांचा डिंक घेऊन प्रयोग करा, आणि प्रत्येक खेपेचा पन्नासेक ग्रॅम कच्चा माल, तारीख व गाव लिहून, हवाबंद बाटलीत तोंडी परीक्षा होईपर्यंत राखून ठेवा. परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुधा डिंकाविषयीच असतो.